नंदी इथे, नातू तिथे

तान्हा पोळा हा नागपुरी लेकरांचा हक्काचा सण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांचा लाकडी नंदी सजवायचा, दोरीने ओढत घरोघरी न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, घेऊन परतायचं. पण आज नागपूरच्या महालात, धरमपेठेत कितीतरी घरी नंदी माळ्यावर आहे आणि नातू न्यू जर्सीत. इथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ. आजी ओवाळणीचं ताट घेऊन मोबाईलसमोर बसते आणि नातू दोन मिनिटांत पळून जातो.

आता आभासी वास्तवाचा चष्मा आला आहे. आजी-नातवाने तो घातला की दोघं जणू एकाच अंगणात उभी राहतात, एकच चेंडू झेलतात. लहान मूल गप्पांपेक्षा खेळात रमतं, म्हणून ही सोय आम्हाला मोलाची वाटते. मात्र चष्मा चिमुकल्यांसाठी नाही. असे चष्मे बनवणाऱ्या मेटा कंपनीने 2023 मध्ये ते वापरण्याचं किमान वय 13 वरून खाली आणलं, तेही 10 वरच. अगदी लहानग्यांसाठी मात्र साधा व्हिडिओ कॉल आहे: भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये 2 वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन वर्ज्य सांगितली, पण नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलची मुभा ठेवली. आजीच्या चेहऱ्याचं मोल त्यांनीही जाणलं.

साधन कोणतंही असो, खेळायला माणूस हवा. वाचकहो, यंदा एक लाकडी नंदी वेळेआधीच परदेशी पाठवा. इथे आजीने झूल शिवावी, तिथे नातवाने शिंगं रंगवावीत आणि तान्ह्या पोळ्याला दोघांनी आपापला नंदी सोबतच ओढावा.

– संपादक