पिवळा की हिरवा?

आमचे एक जुने वर्गणीदार सध्या लेकीकडे, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मुक्कामास आहेत. इंदूरच्या गिरणीत फिटर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस तेथे स्वस्थ बसेल कसा? ते लिहितात, "जावईबापूंच्या घरामागे एकरभर गवत आहे. जवळच्या गावी दोन जुने गार्डन ट्रॅक्टर विकाऊ आहेत. एक पिवळा, दुसरा हिरवा. दोघांचीही साठी उलटलेली. एक घेऊन दुरुस्त करावा आणि नातवाला मांडीवर बसवून अंगणभर फिरवावे, असा मानस आहे. कोणता घ्यावा?"

प्रश्न घरगुती खरा. पण त्यामागे दोन बलाढ्य घराण्यांची स्पर्धा उभी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर प्रशस्त आवारांची घरे उभी राहिली. शेताचा ट्रॅक्टर तेथे फार मोठा आणि ढकलण्याचे यंत्र फार तोकडे. गवत कापावे, भाजीच्या वाफ्यात नांगर धरावा आणि हिवाळ्यात बर्फही सारावे, असे बेताचे वाहन लोकांना हवे होते. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 1961 च्या हंगामासाठी आपला पिवळा-पांढरा 'कब कॅडेट' बाजारात आणला. आपल्याकडे महिंद्रांबरोबर ट्रॅक्टरच्या धंद्यात 1963 मध्ये भागीदार झाली, ती हीच कंपनी. त्याच 1963 मध्ये जॉन डीअरने हिरव्या '110' ने प्रत्युत्तर दिले. हा ट्रॅक्टर विस्कॉन्सिनमधीलच होरिकॉन गावी तयार होई. तेथील कारखाना मुळात पेरणीच्या पाभरींचा!

आता गंमत पाहावी. दोघांचे रंग वेगळे, विक्रेते वेगळे, अभिमानही वेगळे. पण पहिल्या कब कॅडेटचे आणि पहिल्या 110 चे इंजिन मात्र एकच! कोहलर कंपनीचे, एका सिलिंडरचे, बिडाचे, 7 अश्वशक्तीचे. ही कंपनीही विस्कॉन्सिनचीच आणि स्नानगृहाच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. म्हणजे ज्या बळावर गिऱ्हाइके तावातावाने वाद घालीत, ते बळ दोघांनीही एकाच दुकानातून विकत आणलेले होते.

मग भेद कोठे? इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत कशी पोहोचते, त्यात. कब कॅडेटच्या पहिल्या नमुन्यात मध्ये पट्टा होता. 1963 च्या '70' आणि '100' या नमुन्यांत तो काढून इंजिनापासून गिअरपेटीपर्यंत सरळ लोखंडी दांडा दिला. पट्टा नाही, म्हणून तो घसरणे वा तुटणेही नाही. मात्र क्लच झिजला की तो दांडा बाहेर काढावा लागतो, काम जिकिरीचे. 110 मध्ये पट्टेच, पण त्यांच्यामध्ये एक युक्तीची कप्पी. तरफ हलविताच कप्पीचा मधला भाग सरकतो, पट्टा बसण्याचा व्यास बदलतो आणि गिअर न बदलता चालता चालता वेग कमी-जास्त होतो. दाट गवतात गाडी मंदावते, पण कापणारी पाती तशीच वेगाने फिरत राहतात. गवत कापणाऱ्यास याहून अधिक काय हवे? त्याची किंमत म्हणजे पट्टे आणि कप्प्या यांची वरचेवर निगा.

1969 मध्ये डीअरने आणखी एक प्रयोग केला. पांढऱ्या अंगावर लाल, नारिंगी, निळे अथवा पिवळे टोपण आणि त्याच रंगाची बैठक! गिऱ्हाइकांनी नाके मुरडली. कित्येक विक्रेत्यांनी ते ट्रॅक्टर पुन्हा हिरवे रंगवून विकले. पुढे काळाने घराण्यांचीही परीक्षा घेतली. हार्वेस्टरने 1981 मध्ये कब कॅडेटचा धंदा विकला आणि 1985 मध्ये शेतीयंत्रांचा विभागही तिच्या हातून गेला. धाकटे पिवळे अपत्य मात्र दुसऱ्या घरी नांदले.

आमचा कौल असा. प्रथम रंग विसरावा आणि इंजिन हाताने फिरवून पाहावे. जे जाम असेल ते सोडावे. दोन्ही फिरत असतील, तर आपण परत आल्यावर यंत्र कोण सांभाळणार, हे पाहावे. जावईबापूंना हत्यारांचा सराव नसेल, तर सरळ दांड्याचा पिवळा बरा. नातवाला यंत्रविद्या शिकवावयाची असेल, तर हिरव्याची कप्पी हा उत्तम धडा आहे.

परंतु मांडीवर बसविण्याचा मानस मात्र मनातून काढून टाकावा, ही आमची कळकळीची विनंती. चालक बैठकीवरून उठताच यंत्र आपोआप बंद पडावे, अशी सोय त्या काळच्या यंत्रांत सहसा नसे. मूल घसरले तर पाते फिरतच राहील. उतारावर आडवे न चालविता वर-खाली चालवावे; आडवे चालविल्यास ट्रॅक्टर कलंडतो. पाती फिरत असताना मुलांनी घरातच असावे.

नातवाला मांडीऐवजी शेजारच्या स्टुलावर बसवावे, इंजिन बंद असताना. त्याच्या हाती पाना द्यावा. आजोबांची फेरी तो विसरेल. आजोबांनी शिकविलेला नट कसा सोडवावा, हे तो विसरणार नाही.