पुनर्लेखन म्हणजे शरणागती नव्हे

प्रसिद्ध संहिता लेखकाने पुन्हा हाती घेतली की आपल्या समीक्षेत दोनच सूर उमटतात. एकाला त्यात वाचकशरणता दिसते, दुसऱ्याला वाचकाचा कौल अंतिम वाटतो. नापसंती हा आदेश असतो, हे गृहीतक मात्र दोघांचेही आहे. वस्तुतः ते केवळ लक्षण होय. निदान लेखकालाच करावे लागते.

विजय तेंडुलकरांचे 'गृहस्थ' १९५५ साली रंगभूमीवर पडले. पुढे त्याच्याच पुनर्लेखनातून 'कावळ्यांची शाळा' सिद्ध झाले. प्रेक्षकांनी नाटक नाकारले होते. नवे कसे लिहावे, हे सांगितले नव्हते.

वाचकाच्या निवडीनुसार पुढे सरकणाऱ्या कथेत हा भेद निर्णायक ठरतो. 'शेवट आवडला नाही' अशी तक्रार आली की लेखक शेवट गोड करतो. दोष बहुधा अन्यत्र असतो : कोणतीही वाट धरली तरी कथा एकाच मुक्कामी पोहोचते. तेव्हा शेवट नव्हे, निवडीचे परिणाम बदलले पाहिजेत.

आपल्या लोकनाट्याला हे उमजले होते. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके प्रेक्षकांचा प्रतिसाद हेरून उत्स्फूर्त भर घालीत, पण ती वगाच्या चौकटीत राहून. टाळी ऐकणे आणि टाळीसाठी लिहिणे या भिन्न गोष्टी आहेत.

म्हणून समीक्षकाने 'का बदलले?' असा जाब विचारण्यापूर्वी दोन्ही संहिता शेजारी ठेवून 'काय बदलले?' हे तपासावे. ते कष्ट टाळून दिलेला निवाडा समीक्षा ठरत नाही.