पदवीचा सोस आणि कारागिराचा मान

परीक्षांचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतून गुणगौरवाचे समारंभ सुरू होतात. रविवारची मिस्सा आटोपते, वेदीच्या पायऱ्यांपाशी टेबल मांडले जाते आणि दहावीवाले, बारावीवाले, पदवीधर, एखादा एम.बी.ए. असे क्रमाने पुढे येऊन पेन व गुलाबपुष्प घेऊन जातात. टाळ्या पडतात. आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियनची अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाचे नाव मात्र या यादीत आम्ही क्वचितच ऐकले आहे. तो मागच्या बाकावर बसलेला असतो. ध्वनिक्षेपक बंद पडला की साऱ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात.

हा क्रम योगायोगाने लागलेला नाही. पदवी हेच प्रतिष्ठेचे एकमेव नाणे, असे आपल्या पुणेकर मराठी ख्रिस्ती समाजाने मानले आहे. परिणामी, ज्या मुलाला पुस्तकाची ओढ नाही, ज्याचे मन यंत्रात रमते, तोही वाणिज्य शाखेच्या शेवटच्या बाकावर वर्षे काढतो आणि शेवटी हातात गुणपत्रिका व पोटात भीती घेऊन आमच्या कचेरीत शिफारसपत्र मागायला येतो. कोणत्या कामासाठी शिफारस, असे विचारले तर म्हणतो, "कुठलंही चालेल, फादर." या 'कुठलंही' शब्दाविरुद्ध आमची ही तक्रार आहे.

या सोसामागचे दुःख आम्हाला कळत नाही, असे मात्र कोणी समजू नये. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे राहुरी, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या खेड्यांतून पुण्यात आली. ज्यांच्या पणजोबांच्या वाट्याला मेलेली ढोरे ओढण्याचे आणि येसकरीचे काम जन्मानेच आले, त्या घरातील आईने 'माझ्या लेकराचे हात आता काळे व्हायला नकोत' असे म्हटले तर तिला श्रमप्रतिष्ठेचे प्रवचन ऐकवणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. ही प्रवचने बहुधा ज्यांची मुले परदेशी शिकतात तेच देत असतात. मद्रास प्रांतात १९५३ साली राजाजींच्या सरकारने मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली. बापाची जात मुलाच्या पाठीवर पुन्हा लादण्याचाच हा डाव आहे, असे लोकांनी ओळखले, आणि १९५४ साली राजाजींबरोबर ती योजनाही गेली. जायलाच हवी होती.

परंतु जन्माने लादलेला धंदा आणि आपण होऊन निवडलेला, शिकून घेतलेला, परीक्षा देऊन सिद्ध केलेला हुन्नर यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. येसकराला परीक्षा नव्हती आणि सुटकाही नव्हती. लेथवर बसणाऱ्याचे तसे नाही. मायक्रोमीटर लावला की सुट्या भागाचे माप बरोबर आले किंवा चुकले. कारागिराचे आडनाव त्याला कळत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके आडनावावरून तोलले गेले, त्याने तर या न्यायाचे स्वागत करायला हवे.

महात्मा फुल्यांना हे दोन्ही अंगांनी ठाऊक होते. १८४८ साली याच पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव पोटासाठी बांधकामाचे कंत्राटदार होते. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी पैसा उच्च शिक्षणावर उधळण्याबद्दल खडसावले, आणि प्राथमिक शाळांत लिहिण्यावाचण्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही द्यावे, अशी मागणी केली. आज ज्याच्या नावाने पालकांना स्वप्ने पडतात त्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आरंभही पाहावा. १८५४ साली ते निघाले ते बांधकाम, कालवे, रस्ते यांवरील दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठी, आणि नावात 'मेकॅनिकल स्कूल' असे शब्द घेऊन. २०२२ साली त्याचे विद्यापीठ झाले. कार्यशाळेतून विद्यापीठ निघू शकते, हे पुण्याने पाहिले आहे.

पण आपल्या घरात पुरावा असताना दूर कशाला जावे? आपल्या समाजाला वर कोणी काढले? आमच्या मते पहिला मान आपल्या परिचारिकांचा आहे. मिशनच्या रुग्णालयांतून, ससूनमधून ज्या शेकडो आज्या आणि मावश्यांनी रात्रपाळ्या केल्या, त्यांच्यापैकी बहुतेकींनी पदवी घेतली नव्हती. तीन-साडेतीन वर्षांचे प्रशिक्षण घेतले होते. गावोगावचे आपले शिक्षकही असेच. 'ट्रेंड नर्स', 'ट्रेंड मास्तर' हे शब्द त्या पिढीत किती आदराने उच्चारले जात! तिसरा मान खडकी आणि देहूरोडच्या संरक्षण कारखान्यांत, रेल्वेत, पुढे पिंपरी-आकुर्डीच्या मोटार कारखान्यांत गेलेल्या फिटर-टर्नरांचा. पक्क्या घरातली पहिली वीट या तिघांच्या पगारातून आली. त्याच घरांत आज नातवाला आय.टी.आय.चा अर्ज आणून दिला तर आजी पदराने डोळे पुसते. तिच्या स्वतःच्या डिप्लोम्याची चौकट समोरच्या भिंतीवर असते, आणि तरीही.

आता पदवीचा हिशेब. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा झाला. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथ्या वर्षाने ती 'ऑनर्स' होते. मध्येच सोडले तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा. शब्द कारागिरीच्या शाळेचे उचलले, पण सोबत लेथ उचलून आणायचे राहून गेले! याच्या शेजारी दुसरी वाट ठेवून पाहावी. दहावीनंतर वेल्डरला एक वर्ष, फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियनला दोन वर्षे. मग १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी. पुढे शिकावेसे वाटले तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तेथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दार बंद होत नाही. मात्र मुलगा मध्ये कुठे थांबला तरी रिकाम्या हातांनी थांबत नाही. २०१९ साली सुधारलेल्या नियमांत शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन आय.टी.आय. झालेल्याला महिना ७,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरले. चार बुकांची जास्त वर्षे आणि दोन हजारांचा फरक, इतकीच सरकारदरबारी त्यांची किंमत.

आय.टी.आय. म्हणजे स्वर्गाची शिडी, असे आम्ही म्हणणार नाही. चाकण-रांजणगावला काय चालते ते आमच्या तरुणांकडून आम्ही ऐकतो. उमेदवारी संपली की कायम नोकरीऐवजी ठेकेदाराची चिठ्ठी. काही महिन्यांनी खंड. मग नवा ठेकेदार. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम'पासून पवित्र सभा कामगाराच्या न्याय्य वेतनाविषयी बोलत आली आहे; ते चाकणच्या फाटकाशी येऊन गप्प होऊ नये. पण पालकहो, त्याच ठेकेदाराच्या बसमध्ये बी.ए., बी.कॉम. झालेली मुलेही खोकी भरायला जातात. फरक इतकाच की वेल्डरला ठेका सोडून दुसरीकडे जाता येते, स्वतःचे दुकान टाकता येते. खोकी भरणाऱ्याला काय टाकता येणार?

उलट बाजूनेही सांगतो. ज्या मुलीला इतिहासाचे वेड आहे, जो मुलगा गणितासाठी रात्र जागवतो, त्याला घरच्या गरिबीपायी जबरदस्तीने वेल्डिंगला बसवणे हाही तितकाच मोठा गुन्हा होय. त्यांनी पदवी घ्यावी, चारही वर्षे घ्यावी आणि फी कमी पडली तर धर्मग्रामाने ती भरावी. सन्मानाची उतरंड मोडावी, एवढेच आमचे मागणे आहे. नाझरेथच्या कुटुंबाचा चरितार्थ सुतारकामावर चालला, संत पौल तंबू शिवून पोट भरी. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामगार योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. मे महिन्यात त्या सुतारापुढे मेणबत्त्या लावायच्या आणि जूनमध्ये सुतारकाम शिकलेल्या पोराला मागच्या बाकावर ठेवायचे, हे कोणत्या भक्तीत बसते?

यंदाच्या समारंभाच्या यादीत आय.टी.आय., डिप्लोमा आणि परिचर्या यांची नावे पदवीधरांच्या बरोबरीने वाचली जावीत, ही पहिली सूचना. दुसरी विवाहजुळणी करणाऱ्या मंडळींना. त्यांचा छापील अर्ज नुकताच आमच्या पाहण्यात आला. 'शिक्षण' या रकान्यात तीन पर्याय आहेत: पदवीधर, पदव्युत्तर, इतर. दोन वर्षे यंत्रशाळेत घाम गाळून, उमेदवारी करून, आज आईबापांना सांभाळणाऱ्या तरुणाने 'इतर'पुढे खूण करायची आणि मुलीच्या बापाने तेवढे वाचून अर्ज बाजूला सारायचा, असा शिरस्ता पडला आहे. पुढच्या छपाईत 'इतर' काढून तेथे त्याच्या व्यवसायाचे नाव लिहायला जागा ठेवावी. छपाईचा जादा खर्च आमच्याकडून घेऊन जावा.