गॅस बंद कुठून करायचा?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळहून निघालेली नैसर्गिक वायूची वाहिनी सुमारे हजार किलोमीटर जमिनीखालून येऊन बंगळुरूला पोहोचते. 2013 सालापासून ती सुरू आहे. पुढे शहरात घरोघरी पाइपचा गॅस येऊ लागला, तेव्हा सुरुवातीच्या भागांमध्ये आपला एचएसआर लेआउट होता. ऐन सणात सिलिंडर संपण्याची धास्ती त्यामुळे गेली. यंदाच्या चकल्या आणि करंज्या कित्येक घरांत याच गॅसवर तळल्या जातील. सोय मोठी आहे आणि ती हवीच आहे. पण जी वस्तू भिंतीतून घरात येते, तिच्याबद्दल घरातल्या प्रत्येकाला चार गोष्टी माहीत असायला हव्यात. त्या नाहीत, म्हणून दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर हा विषय घेतला आहे.

मार्च 2023 मध्ये इथल्याच सोमसुंदरपाळ्यात रस्त्याच्या खोदकामात गॅसची वाहिनी फुटली. गॅस आसपासच्या घरांत शिरला, स्फोट झाला आणि माणसे जखमी झाली. जमिनीखाली सुटलेला वायू सरळ वर येऊन हवेत विरून जाईल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वर डांबर किंवा काँक्रीट असले की तो आडवा सरकतो आणि गटार, केबलची नळी, भिंतीची फट अशी मिळेल ती वाट धरतो. त्यामुळे खड्डा एकीकडे आणि धोका दुसऱ्याच घरात, असे होऊ शकते. आपल्या भागात रस्ता खोदलेला नाही असा महिना जात नाही. पाणी, सांडपाणी, वीज, इंटरनेट, प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा. खोदण्याआधी खाली काय आहे हे विचारायचे कुणी आणि सांगायचे कुणी, हे त्या त्या गल्लीत आधी ठरलेले असले पाहिजे.

माहिती आधी मिळाली नाही तर काय होते, हे या देशाने 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये पाहिले. हवेत काय आहे हे लोकांना ठाऊक नव्हते. अनेकजण वारा ज्या दिशेने विष वाहून नेत होता त्याच दिशेने धावले. तोंडावर ओला फडका धरून वाऱ्याला आडवे निघायचे, एवढे जरी कुणी आधी सांगितलेले असते तरी कित्येक जीव वाचले असते. पुढे 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ स्टायरीनची वाफ वस्तीत पसरली, तेव्हाही कारखान्याचा भोंगा वाजला नाही. लोक झोपेतच घुसमटले. दोन घटनांमध्ये 35 वर्षांचे अंतर आहे. रसायन वेगळे होते, यंत्रे वेगळी होती. शेजाऱ्यांना न सांगण्याची सवय मात्र तीच होती.

कायदा नाही म्हणून हे घडते, असेही नाही. भोपाळनंतर अमेरिकेने 1986 साली जागोजागी आपत्कालीन नियोजनाच्या समित्या नेमायला लावल्या आणि कुठल्या आवारात कुठले घातक रसायन आहे हे जाणण्याचा हक्क नागरिकांना दिला. आपल्याकडे रासायनिक अपघातांच्या आपत्कालीन नियोजनाचे नियम 1996 साली आले. त्यांत औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक संकट गट नेमायचा आहे. त्याने दर महिन्याला बैठक घ्यायची आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण रंगीत तालीम करायची. सदस्य कोण? उपविभागीय दंडाधिकारी, कारखाने निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, ठाणेदार, रसायनांची वाहतूक करणारे दोघे, दोन डॉक्टर, दोन सामाजिक कार्यकर्ते, आणि स्थानिक वृत्तपत्राचा संपादक. संपादकाची खुर्ची नियमातच मांडून ठेवली आहे. हा अंक काही वृत्तपत्र नव्हे, पण त्या खुर्चीमागचा हेतू आम्हाला लागू आहे असे आम्ही मानतो. धोक्याची माहिती फायलीतून काढून लोकांच्या हाती देणारा एक माणूस त्या टेबलाशी हवा, हा तो हेतू. शिवाय कुणाही नागरिकाने विचारले तर संभाव्य अपघाताची माहिती द्यायची, असेही हे नियम सांगतात. आपण विचारत नाही.

अडचण अशी की हे नियम कारखान्यांचा पट्टा डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. एचएसआर लेआउट कागदोपत्री निवासी वसाहत. इथे धोका कारखान्याच्या फाटकामागे बसलेला नाही, तो पाइपमधून आणि चाकांवरून येतो. सिल्क बोर्डच्या चौकात, होसूर रस्त्यावर, आउटर रिंग रोडवर पेट्रोल, गॅस आणि रसायनांचे टँकर आपल्या गाड्यांच्या शेजारी उभे असतात. त्यांच्या पाठीवरची पाटी एकदा नीट वाचा. तिच्यावर मालाचे नाव, चार आकडी क्रमांक आणि संकटकाळी फोन करायचा नंबर असतो. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. टँकर कलंडला तर जवळ न जाता हा क्रमांक अग्निशमन दलाला सांगता आला, तर त्यांची मोलाची मिनिटे वाचतात.

याच होसूर रस्त्याने पुढे गेले की अत्तिबेले लागते. तिथे 7 ऑक्टोबर 2023 रोजी फटाक्यांच्या दुकानवजा गोदामाला आग लागली. दिवाळीचा माल उतरवला जात होता. 14 जण गेले आणि पुढे हा आकडा आणखी वाढला. त्यातले बरेचसे सणाच्या हंगामापुरते कामाला आलेले तरुण होते. स्वस्त फटाक्यांसाठी बंगळुरूकर मंडळी दरवर्षी तिथे गर्दी करतात, आपल्यातलीही. ज्या दुकानात मागून बाहेर पडायला वाट नाही, तिथून खरेदी करू नये, एवढे तरी आपण ठरवावे अशी कळकळीची विनंती आहे.

डोंबिवलीचे वाचक या अंकाला पत्रे लिहितात. त्यांना हे सारे नवे नाही. 26 मे 2016 रोजी तिथल्या एमआयडीसीत झालेल्या स्फोटात 12 जण दगावले. आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी, त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट झाला. काचा फुटल्या त्या कारखान्यांबाहेरच्या घरांच्याही.

आता आपल्या इमारतीकडे येऊ. सकाळी अकरा वाजता इथे कोण असते? नोकरदार मंडळी ऑफिसात. घरात असतात नाशिक-साताऱ्याहून नातवंडांसाठी येऊन राहिलेले आजी-आजोबा, ज्यांना कन्नड येत नाही. स्वयंपाकाच्या मावशी असतात, फाटकावर ओडिशातून किंवा आसामातून आलेला वॉचमन असतो. संकट आले तर पहिली पाच मिनिटे यांच्याच हातात. आणि आपल्या सूचना लावलेल्या असतात इंग्रजीत, असोसिएशनच्या व्हॉट्सॲप गटावर.

या माणसांना सांगायच्या गोष्टी फार नाहीत. पाइपच्या गॅसचा व्हॉल्व्ह शेगडीजवळ असतो, तसाच मीटरपाशीही. मूठ पाइपला समांतर असेल तर गॅस सुरू, आडवी असेल तर बंद. हा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो आणि बेसमेंटमध्ये साचतो, म्हणून वास आला की तिथे गाडी काढायला जायचे नाही. दोन्ही वेळा दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, लिफ्ट वापरायची नाही, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडायचे आणि फोन बाहेर गेल्यावरच करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906, बाकी सगळ्यासाठी 112. तरण तलावाची क्लोरीनची पावडर आणि फरशी धुण्याचे ॲसिड एका खोलीत ठेवायचे नाही, कारण दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो.

हेच सारे पुढच्या पानावर कन्नड, हिंदी, ओडिया आणि मराठीत मोठ्या अक्षरांत छापले आहे. खाली जागा कोरी आहे. तिथे आपल्या इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, जमायचे मैदान कोणते, आणि कोणत्या घरात आधाराशिवाय न चालता येणारे माणूस आहे, हे लिहायचे. पान कापून फाटकाजवळ लावा. भाऊबीजेनंतरच्या रविवारी सोसायटीत एकदा तालीम घ्या, आजी-आजोबांना आणि वॉचमनला पुढे करून. अडले कुठे ते आम्हाला कळवा. ती टिपणे एकत्र करून जिल्हाधिकारी कार्यालयाला देण्याचे काम या अंकाचे संपादक मंडळ अंगावर घेत आहे.