घरचे अवघड गिऱ्हाईक

सॉफ्टवेअरचा धंदा आपल्या देशात उभा राहावा, त्यातून सुशिक्षित तरुणांना काम आणि सरकारच्या तिजोरीला परकीय चलन मिळावे, अशी आकांक्षा आज आशिया-आफ्रिकेतील ज्या ज्या राष्ट्रांच्या राज्यकर्त्यांनी बाळगली आहे, त्यांच्यापुढे बहुधा भारताचाच कित्ता असतो, आणि तो गिरवताना त्यांची दृष्टी हटकून त्याच चार गोष्टींवर खिळते: करमाफीची उद्याने, वेगवान दूरसंचार, इंग्रजी जाणणारे पदवीधर आणि पाश्चात्त्यांच्या मानाने अल्प वेतन. या चारही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचे श्रेय नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु आपल्या उद्योगाचा दुसरा अर्धा इतिहास घरच्या कामाचा आहे, आणि त्याकडे आपणच इतका काणाडोळा केला आहे की, परक्यांच्या तो ध्यानात आला नाही याबद्दल त्यांना बोल लावणे न्यायाचे होणार नाही.

पहिला अर्धा सर्वांस परिचित आहे, म्हणून त्याचा परामर्श थोडक्यात घेऊ. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली. १९७३ साली अंधेरीस सीप्झ हे निर्यातक्षेत्र स्थापन झाले. आणि १९७४ मध्ये बरोज कंपनीच्या एका इस्पितळी हिशेबाच्या आज्ञावली तिच्याच दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी बदलून देण्याचे काम टाटा कन्सल्टन्सीच्या फकीरचंद कोहली यांच्या मंडळींनी पत्करले तेव्हा, ते यंत्र हाताशी नसल्यामुळे, मुंबईतल्या आयसीएल यंत्रावरच भाषांतराची एक चाळणी लिहून त्यांनी ते तडीस नेले. संगणक आयात करायचा तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर ठराविक निर्यातीची हमी हवी, असा तो काळ होता. १९८१ साली पुण्यात निघालेल्या इन्फोसिसला स्वतःचे पहिले यंत्र बंगळुरास गेल्यावर १९८३ मध्ये मिळाले. पुढे १९८४ व १९८६ ची संगणकविषयक सरकारी धोरणे आली, १९९०-९१ च्या सुमारास बंगळूर, पुणे व भुवनेश्वर येथे तंत्रज्ञान उद्याने निघाली, आणि मग जे झाले ते आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या पगारपत्रकावर नोंदलेलेच आहे.

दुसऱ्या अर्ध्याचा आरंभ एका कंपनीच्या प्रस्थानाने झाला. परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे आपले भागभांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्यास आयबीएमने नकार दिला, आणि १९७८ साली तिने येथून गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांच्या देखभालीचा भार तीनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीवर येऊन पडला. आजवर ज्या यंत्राचे झाकण उघडण्याची मुभा नव्हती ते यंत्र स्वतःच दुरुस्त करण्याची पाळी आल्यामुळे, आणि तेही कोणा एका कंपनीचे नव्हे, तर नाना कंपन्यांचे, नाना वयांचे, त्या अभियंत्यांस जे शिक्षण मिळाले ते कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नव्हते. याच मंडळींच्या हाती पुढे रेल्वेच्या आरक्षणाचे काम आले. त्याविषयी येथे थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या प्रतिपादनाचा भर त्याच्यावर आहे.

१९८५ पूर्वीचे आरक्षण कार्यालय ज्यांनी पाहिले आहे त्यांस आठवत असेल की, अमुक गाडीचे तिकीट अमुकच खिडकीवर मिळे, कारण त्या गाडीचे रजिस्टर त्या खिडकीमागे असे. आता या रजिस्टराचे यंत्रात रूपांतर करायचे म्हणजे काय काय करायचे? गाडीचे वर्ग निरनिराळे. वाटेतल्या स्थानकांचे राखीव कोटे निरनिराळे. महिलांचा कोटा, संरक्षण दलाचा कोटा, ऐनवेळी सोडायचा कोटा. सवलतींची लांबलचक यादी. प्रतीक्षायादी, आणि प्रतीक्षा व निश्चिती यांच्या मधली ती आरएसी नामक त्रिशंकू अवस्था. रद्द तिकिटाचा परतावा किती तास आधी किती. आणि या सर्वांवर कडी म्हणजे दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी एकच बर्थ मागितला गेला, तर तो एकालाच मिळावा आणि दुसऱ्याला ताटकळत न ठेवता पुढचा दाखवावा, हा प्रश्न. यांतले नियम छापील पुस्तकात होते, पण त्यांचे अपवाद खिडकीमागच्या बाबूच्या डोक्यात होते. सीएमसीच्या तरुणांनी व्हॅक्स यंत्रावर ही प्रणाली रचली आणि १९८५-८६ मध्ये ती दिल्लीस चालू झाली. रेल्वेच्या स्वतःच्या माहितीप्रणाली केंद्राने, म्हणजे क्रिसने, पुढे तिची नवी आवृत्ती घडवली आणि एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली. या कामात दिलेले काम कागदाबरहुकूम करण्याचे कौशल्य दुय्यम होते. गिऱ्हाइकाला स्वतःलाच नीट सांगता न येणारे काम समजून घेऊन त्याची मांडणी करण्याचे कौशल्य मुख्य होते. आपल्या व्यवसायात पैसा शेवटी याच दुसऱ्या कौशल्याला मिळतो.

बँकांची कहाणी याहून रेंगाळलेली आहे. कर्मचारी संघटनांशी १९८३ साली करार होऊन, आणि रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ मध्ये येऊन, शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे अडखळत का होईना, आली. आणि या अडखळत्या गिऱ्हाइकाची गरज ओळखून इन्फोसिसने जी बँकिंग प्रणाली रचली तिचेच पुढे फिनॅकल झाले व ते परदेशी बँकांनाही विकले गेले. अवघड गिऱ्हाईक घरचे असले तर त्याच्यासाठी घडवलेली वस्तू बाहेरच्या बाजारात खपण्याचा संभव अधिक, असा आमचा समज आहे.

याचा अर्थ घराभोवती तटबंदी घालावी असा कोणी काढील, म्हणून ब्राझीलचा दाखला देतो. त्या देशाने १९८४ च्या कायद्याने संगणकाचा देशी बाजार आठ वर्षांसाठी देशी कंपन्यांना राखून दिला. यंत्रे महाग झाली, मागासलेली राहिली, चोरट्या आयातीला ऊत आला. ते धोरण फसले असेच म्हणावे लागते. तथापि ती कोंडी संपते न संपते तोच रिओच्या कॅथलिक विद्यापीठातील तिघा जणांनी पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीच्या कामाची गरज भागवण्यासाठी १९९३ साली ल्युआ ही भाषा घडवली, आणि ती आज जगभरच्या संगणकीय खेळांच्या पोटात वावरते आहे. तेल कंपनीच्या अभियंत्यांना जे हवे होते ते शेजारच्या विद्यापीठाला विचारण्यात आले, म्हणून ल्युआ जन्मली. तटाचे श्रेय त्यात फार तर अप्रत्यक्ष.

उलट केनिया पाहा. तेथील एम-पेसाने २००७ पासून मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या व्यवहारात जी क्रांती केली तिच्याशी तुलना करता येईल असे त्या काळी श्रीमंत देशांतही काही नव्हते. गिऱ्हाईक घरचे होते, अवघड होते, लक्षावधी होते. पण मूळ आज्ञावली लिहिली इंग्लंडमधील एका सल्लागार कंपनीने, आणि तिचे सर्व्हर कित्येक वर्षे जर्मनीत राहून २०१५ मध्ये केनियात आले. एवढ्या मोठ्या शाळेचे वर्ग आपल्या गावात भरत असताना पहिल्या बाकांवर परगावची मुले बसावीत, अशातला हा प्रकार. नैरोबीच्या तरुणांनी एम-पेसाच्या भोवती पुष्कळ काही उभारले, हे खरे. त्याच्या गाभ्यात मात्र त्यांचा शिरकाव उशिरा झाला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात मनुष्यबळाचा विचार झालाच नाही असे नाही: राजारामन समितीच्या शिफारशीतून एमसीएचा अभ्यासक्रम आला, डोएकच्या परीक्षा आल्या, आणि महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने तालुक्याच्या गावापर्यंत माउस नेला. संख्येची वाण आपल्याला पूर्वीही नव्हती. वाण कशाची आहे ते हिंजवडीच्या एखाद्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसलेल्या, पदवी घेऊन चार वर्षे झालेल्या मुलीला विचारून पाहावे तेव्हा कळते. एका अमेरिकन विमा कंपनीच्या दाव्यांच्या प्रणालीतील तिकिटे ती रोज निकालात काढते. मुदत चुकत नाही. पण विम्याचा दावा नामंजूर का होतो, त्या कोडातल्या अमुक रकान्याला ती संज्ञा का दिली, हे तिने कधी विचारले नाही, कारण विचारण्याजोगे माणूस तिच्यापासून हजारो किलोमीटरवर आहे आणि मधे तीन व्यवस्थापक आहेत. कारागिरीत ती उणी नाही. आता तिची ही तिकिटे यंत्रच निकालात काढू लागले आहे, तेव्हा मुदत पाळण्याच्या सवयीवर तिची नोकरी कितपत टिकेल, हा प्रश्न आमच्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या तोंडी असतो.

याबद्दल परक्यांस बोल लावण्याआधी आपल्या कंपन्यांच्या बोलीभाषेकडे लक्ष द्यावे. ‘डोमेस्टिकला टाकले’ हे वाक्य आपल्याकडे शिक्षेच्या सुरात उच्चारले जाते. घरचे काम म्हणजे कमी पैसे, रखडलेले बिल, दर आठवड्यास बदलणाऱ्या मागण्या आणि परदेशवारीची आशा शून्य. ही तक्रार खोटी नाही. सरकारी निविदा सर्वांत कमी दराने भरणाऱ्याच्या पदरात पडते, तो दर भागवण्यासाठी तो अननुभवी मुले नेमतो, ती मुले वर्षात सोडून जातात, आणि तीन वर्षांनी दप्तरात उरते ती मूळ कोडाशिवायची एक चालती प्रणाली व बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक. तरी याच देशात, याच पद्धतीच्या सावलीत, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय चालू केले, आणि आज भाजीवाल्याच्या हातगाडीवरही त्याचा चौकोनी ठसा लटकतो. तेव्हा घरच्या कामातून काही निघत नाही, असे म्हणण्याची सोय आता कोणालाच उरलेली नाही.

ज्या वाचकांचा निविदांच्या मसुद्याशी संबंध येतो, आणि असे वाचक या मासिकाला पुष्कळ आहेत, त्यांना आमची विनंती अशी की, दराला गुणांकनात निम्म्याहून कमी वजन द्यावे; मूळ कोड व त्याची कागदपत्रे खात्याच्या ताब्यात देणे हे अंतिम देयकाची पूर्वअट करावे; आणि देखभालीची मुदत पाच वर्षांहून कमी ठेवू नये, कारण ज्याने लिहिले त्यालाच ते पाच वर्षे सांभाळावे लागले तरच तो पहिल्या दिवशी नीट लिहितो. कंपन्यांनी घरच्या प्रकल्पावरील दोन वर्षे बढतीसाठी परदेशी प्रकल्पाच्या दोन वर्षांइतकीच धरावीत, आणि नव्या मुलांना पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकाच्या टेबलाशी, मग ते तहसील कचेरीतले असो वा सहकारी बँकेतले, नेऊन बसवावे. बिल नव्वद दिवसांत चुकते करण्याचे कलम करारात घालून ते पाळल्याशिवाय मात्र लहान कंपन्या या कामाच्या वाटेस जाणार नाहीत, ही गोष्ट मंत्रालयातील अधिकाऱ्यांनाही पुरेपूर ठाऊक आहे.