पाहणीतले ७४ टक्के



अतिश्रीमंतांवरील करासंबंधीचा आपला अग्रलेख वाचला. जी-२० देशांतील २०२४ च्या इप्सॉस पाहणीत ६८ टक्के लोकांनी अशा कराला पाठिंबा दिला, भारतात तर ७४ टक्क्यांनी. तेव्हा सरकारने आता कचरू नये, असे आपण म्हणता. कर मलाही हवा आहे, पण हा आधार कच्चा वाटतो. परक्याच्या खिशाला हात घालायचा तर कोण नाही म्हणेल? प्रत्यक्ष मतदानाची गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये ५ कोटी फ्रँकपुढील वारशावर ५० टक्के कर लावायचा की नाही, यावर सार्वमत झाले. एवढी मालमत्ता तिथेही मोजक्यांकडेच. तरीही ७८ टक्के मते विरोधात पडली.

अमेरिकेतले वॉशिंग्टन राज्य याहून बोलके आहे. २०१० मध्ये तिथे वर्षाला २ लाख डॉलरपुढील (दांपत्यासाठी ४ लाख) उत्पन्नावर कर लावण्याचा प्रस्ताव सार्वमताला मांडला गेला. बिल गेट्स यांचे वडील त्याचे पुरस्कर्ते. विरोधकांनी एकच शंका पेरली : दोन वर्षांनी विधिमंडळ हा कर तुमच्यापर्यंत आणेल. सुमारे ६४ टक्क्यांनी तो पाडला. त्याच राज्यात २०२१ मध्ये शेअर-रोख्यांच्या मोठ्या नफ्यावर ७ टक्के कर आला. राहते घर आणि निवृत्तीची पुंजी वगळलेली, पैसा शाळा आणि बालसंगोपनासाठी राखलेला. २०२४ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा पुन्हा सुमारे ६४ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले, पण या वेळी कर वाचवण्यासाठी. आपल्याला झळ नाही आणि पैसा कुठे जातो ते दिसते, एवढी खात्री त्यांना पुरली.

आपल्याकडे नेमके हेच दिसत नाही. २०१५ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री जेटलींनी संपत्ती कर रद्द केला. त्यातून २०१३-१४ मध्ये जेमतेम १,००८ कोटी आले होते. त्याऐवजी १ कोटीवर उत्पन्न असलेल्यांच्या करावर २ टक्के जादा अधिभार लावून ९,००० कोटींची अपेक्षा धरली. श्रीमंतांकडून जास्त वसूल झाले, हे बरेच. मात्र संपत्ती करात राज्यांचा वाटा होता. अधिभार राज्यघटनेच्या अनुच्छेद २७१ नुसार सगळा केंद्राचा. मुंबईतल्या धनिकाने भरलेल्या अधिभारातला रुपयाही हक्काचा वाटा म्हणून महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही. मग गळक्या वर्गखोलीत मूल बसवणाऱ्या पालकाला या कराशी काय देणेघेणे?

अधिभार मूळ दरात मिसळावा, म्हणजे राज्यांना वाटा द्यावाच लागेल. आणि राज्याने आपल्या वाट्यातून जिल्हा परिषदेच्या शाळांवर किती खर्च केला, ते दरवर्षी गावाच्या फलकावर लावावे. आपल्या अग्रलेखाने ही मागणी करायला हवी होती.

– एक करदाता, मिरज