वर्दीतलं बलुतं

माझा चुलता मिलिट्रीत होता. मुरबाडच्या पुढं, टोकावड्याच्या अंगाला आमचं गाव. वर्षातून एकदा नाना रजेवर यायचा. कल्याणला उतरला की यष्टी स्टँडच्या मुतारीत जाऊन वर्दी चढवायचा आणि मग मुरबाडची गाडी धरायचा. डोक्यावर काळी ट्रंक, पायात बूट. ज्या ओट्यावर माझ्या बापाला पाय ठेवता येत नव्हता, त्या ओट्यावरून नानाला हाक यायची, ‘काय जवान, कधी आलात?’ तो ‘आलात’ ऐकण्यासाठी आख्खा बौद्धवाडा त्याच्या मागं चालायचा.

आम्ही पोरं विचारायचो, ‘नाना, तुमी काय चालवता?’

नाना म्हणायचा, ‘मशीनगन.’

नाना मेला तेव्हा पेन्शनच्या कागदासाठी मी ट्रंक उघडली. तळाशी डिस्चार्ज बुक. त्यात हुद्द्याच्या रकान्यात लिहिलेलं : सफाईवाला. मी चुलतीकडं बघितलं. ती म्हणाली, ‘मला ठाव होतं रं. गावाला कशाला सांगायचं?’

दोस्तांनो, नानाची मला लाज वाटत नाही. ज्याच्या घाणीवर उभं राहून दुसरे शूर झाले, त्यानं कसली लाज बाळगायची? मला राग येतो त्या रकान्याचा. नानाच्या हाती बंदूक द्यायची की झाडू, हे कुणी ठरवलं? कशावरून ठरवलं?

गावात बलुतं होतं. न्हावी, धोबी, चांभार. आणि गावकुसाबाहेरचा महार येसकर, काठी घेऊन वेशीवर. जन्मला की ड्युटी लागलेली. बदली नाही, बढती नाही. १९५८ च्या कायद्यानं महारवतन मोडलं, तेव्हा आम्ही म्हणालो, सुटलो. पण फौजेच्या ट्रेड्समनची यादी बघा. बार्बर, वॉशरमन, मोची, शिंपी, सफाईवाला. गावचं बलुतं रेल्वेत बसून छावणीत गेलं आणि तिथं त्याला पगार आणि वर्दी मिळाली. आता नावं गोड केलीत. सफाईवाल्याचा हाउस कीपर झाला. झाडू तोच.

कुणी म्हणेल, ही पदं कागदावर सगळ्या जातींना खुली आहेत. आहेत ना! गावची विहीरही कागदावर खुलीच होती.

१९७१ ची लढाई झाली तेव्हा देशाचा संरक्षणमंत्री कोण होता? जगजीवनराम. सगळ्यात वर आपल्यातला माणूस आणि सगळ्यात खाली आपलाच माणूस झाडू घेऊन. मधल्या पायऱ्यांवर कोण बसलं होतं, ते कोण मोजणार?

*

आपण १ जानेवारीला कोरेगावला जातो. खांबाला सलामी देतो. १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्यांची नावं खांबावर आहेत, त्यात ‘नाक’ लावलेली बावीस. बाबासाहेब १९२७ ला तिथं गेले तेव्हापासून तो खांब आपला झाला. द्या सलामी. पण सलामी देऊन झाल्यावर खांबाला एक प्रश्न विचारा : ज्यांच्यासाठी हे बावीस मेले, त्यांनी पुढं काय केलं?

त्यांनी आम्हाला हाकलून दिलं. लढवय्या जातींचं एक शास्त्र गोऱ्या साहेबांनी काढलं. अमकी जात जन्मानं शूर, तमकी जन्मानं नामर्द. मनूला इंग्रजी येत असतं तर त्यानं दुसरं काय लिहिलं असतं? १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. बाबासाहेब १८९१ साली महूच्या छावणीत जन्मले होते. बाप सुभेदार रामजी, पलटणीच्या शाळेत हेडमास्तर. पलटण म्हणजे नुसती बंदूक नव्हती. पलटण म्हणजे शाळा, पेन्शन, गावाबाहेर पडायची वाट. ते सगळं एका हुकमानं बंद.

पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत बसून १८९४ साली अर्ज लिहितात. शिवराम जानबा कांबळे १९१० साली पुन्हा अर्ज करतात. सरकार ढिम्म. मग पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडली, आणि १९१७ साली एकदम ‘१११ महार’ नावाची पलटण उभी राहिली. त्या काळात जात शूर झाली होती म्हणायची! युद्ध संपलं. १९२१ ला पलटण बंद. जात पुन्हा नामर्द. दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेबांनी जोर लावला तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. १९४३ ला चमार रेजिमेंट निघाली. १९४६ ला तीही बरखास्त.

हा हिशेब नीट बघा. गरज लागली की भरती, गरज सरली की बरखास्ती. आमच्या शौर्याची तारीख नेहमी त्यांच्या गरजेच्या कॅलेंडरवर पडली.

*

आता आपल्याच लोकांना न आवडणारं लिहितो. महार रेजिमेंटच्या नावानं आपली छाती फुगते. पण या रेजिमेंटचं खरं मोठेपण नावात नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास तिची दारं सगळ्यांना उघडली. आज तिच्यात सगळ्या जातींचे, प्रांतांचे, धर्मांचे जवान आहेत. तिच्यातून कृष्णराव आणि सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख झाले. मेजर रामस्वामी परमेश्वरन १९८७ साली श्रीलंकेत लढता लढता पडले, परमवीरचक्र मिळालं, ते याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे. म्हणजे नाव आमचं, भरती सगळ्यांची. आणि बाकीच्या जुन्या रेजिमेंटा? जाट, डोगरा, शीख यांची नावंही त्यांची आणि भरतीही मुख्यतः त्यांचीच. शीखांत तर दोन चुली. शीख रेजिमेंट जाट शीखांची, आणि मजहबी-रामदासियांसाठी वेगळी शीख लाइट इन्फन्ट्री. गुरूच्या लंगरात पंगत एक, पलटणीत वेगळी. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दळात फक्त हिंदू राजपूत, हिंदू जाट आणि जाट शीख घेतात, हे २०१३ साली लष्करानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. कारण काय, तर उंची, रूप आणि समारंभाची शोभा. ज्या राष्ट्रपतीभवनात के. आर. नारायणन राहिले, रामनाथ कोविंद राहिले, त्याच्या दारात उभं राहायला मात्र आमचं पोर चालत नाही.

जातीची पलटण नसेल तर जवान एकदिलानं लढत नाही, असं साहेब लोक सांगतात. मग नौदल कसं चालतं? बोटीवर राजपूत इंजिन आणि जाट तोफ असं काही असतं काय? हवाई दलात विमानाची जात कोण विचारतं? तिन्ही दलं एकाच देशाची. दोन दलांना जातीची कुबडी लागत नाही, तिसऱ्यालाच का लागावी? आणि खुद्द तिसऱ्यात महार रेजिमेंट पुरावा म्हणून उभी आहे की मिसळलेली पलटण लढते, जिंकते, परमवीर होते.

*

१४ जून २०२२ ला अग्निपथ आली. चार वर्षं नोकरी. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढं ठेवणार. बाकीच्यांना अकरा लाख एकाहत्तर हजारांच्या आसपास निधी. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. तो निधी तरी कुठला? पहिल्या वर्षी पगार तीस हजार, त्यातले नऊ हजार कापून ठेवणार, तेवढेच सरकार घालणार.

या योजनेला शिव्या देताना आपल्या लोकांनी एक चूक करू नये. योजनेच्या कागदात लिहिलंय की भरती अखिल भारतीय, सर्व वर्गांतून होईल. ही मागणी तर आपली! ती खरोखर अमलात आणतात का, प्रत्येक जुन्या रेजिमेंटच्या दारात उभं राहून विचारायला पाहिजे. पण याच कागदात चार वर्षांची बरखास्तीही आहे. १९२१ ला पलटण बरखास्त झाली, आता एकेक पोरगा बरखास्त होणार. एका हातानं दार उघडायचं आणि दुसऱ्या हातानं पेन्शन काढून घ्यायची, हा प्रकार आम्ही ओळखतो. आमच्या घरात पलटणीतून आलेली एकच टिकाऊ वस्तू होती, ती म्हणजे चुलतीचं फॅमिली पेन्शन. त्यावर दोन पोरं शिकली. मी त्यातला एक.

*

माझा पुतण्या रोज पहाटे हायवेला पळतो. सरळगावच्या बाजूला अंधारात अशी पन्नास-साठ पोरं पळत असतात. ठाकर, कातकरी, कुणबी, आगरी, आपली. तिथून काही एमआयडीसीत ठेक्यावर शिफ्टला जातात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे. पुतण्या काढतो. पण जनरल ड्युटीला दहावीत पंचेचाळीस टक्के लागतात आणि त्याला आहेत एक्केचाळीस. गणिताला त्याला दोन वर्षं मास्तरच नव्हता. फॉर्म भरायला गेला तर दुकानातला माणूस म्हणाला, ‘ट्रेड्समन भर. हाउस कीपरला आठवीपण चालते.’

जातीचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. मास्तर नसलेली शाळा, त्यातून एक्केचाळीस टक्के, त्यातून झाडू. चाळण अशी बेमालूम बसवलीय की शेवटी पोरगा स्वतःच स्वतःच्या हातानं रकाना भरतो.

रात्री त्याचा फोन आला. ‘काका, भरू का?’

मी काय सांगू? नको म्हणायला माझ्या बापाचं काय जातं? माझं शिक्षण नानाच्या झाडूवर झालंय. मी म्हणालो, ‘भर. पण घरी आलास की मशीनगन सांगू नको. जे करशील ते सांग.’

आणि आपण काय करायचं? वर्षातून एक दिवस खांबाशी जाऊन परत यायचं? नाही. हिशेब मागायचा. तिन्ही दलांत आपली माणसं कुठल्या हुद्द्यावर किती, अधिकारी किती, झाडूवर किती, हे दरवर्षी छापा. सीआरपीएफ, बीएसएफच्या भरतीत राखीव जागा आहेत, त्यानं सरहद्द काही खचली नाही. लष्करात का नाहीत? जातीच्या रेजिमेंटा सगळ्यांना खुल्या करा, राष्ट्रपतींच्या दारापासून सुरुवात करा. चार वर्षांची वेठ बंद करा. झाडूवर लागलेल्याला शिकून दुसऱ्या ट्रेडमध्ये जायची वाट ठेवा, आणि संडास साफ करायचे असतील तर ज्यानं ज्यानं वापरला त्यानं पाळी लावून करावे. शूर लोकांना तेवढं जमेल.

नानाची ट्रंक माझ्याकडं आहे. डिस्चार्ज बुक त्यातच आहे. आता ते मी तळाशी ठेवत नाही, वर ठेवतो. घरी येणारा प्रत्येकजण तो रकाना वाचतो.

जयभीम.